फुताबा रुग्णालय, मार्च 2011 : ‘कुठे न्यायचे’ हे न लिहिलेला आराखडा

14 मार्च 2011च्या सकाळी साडेदहाच्या सुमारास जपानमधल्या अपघातग्रस्त फुकुशिमा दाइइची अणुकेंद्राजवळच्या ओकुमा गावातून माणसांनी भरलेल्या गाड्या निघाल्या. आत 132 जण होते. 34 जण फुताबा रुग्णालयातले रुग्ण आणि उरलेले 98 जण त्याला जोडलेल्या ‘दोविल फुताबा’ या वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रातले. बहुतेक सगळे म्हातारे, बरेचसे बिछान्याला खिळलेले. त्यांना पोहोचवायचे होते दक्षिणेला, इवाकी शहरात. एरवी किनाऱ्याच्या रस्त्याने हा तासाभराचा प्रवास. त्या दिवशी गाड्या आधी उत्तरेला गेल्या, मग डोंगर ओलांडून पश्चिमेला, मग पुन्हा दक्षिणेला वळून पूर्वेकडे आल्या. सुमारे 230 किलोमीटर, सुमारे दहा तास. सोबत उपचार करू शकेल असे जवळजवळ कोणीच नव्हते. रात्री त्यांना उतरवले ते एका शाळेच्या व्यायामशाळेत. काही जणांनी वाटेतच प्राण सोडला होता, काही जण त्या रात्री आणि पुढच्या दिवसांत गेले. मार्च संपेपर्यंत रुग्णालय आणि शुश्रूषा केंद्र मिळून सुमारे 50 जण दगावले.

यातला एकही मृत्यू किरणोत्सर्गाच्या आजाराने झालेला नाही. पाणी कमी पडणे, थंडी, बंद झालेली सलाइन, मूळ आजार बळावणे ही कारणे होती. म्हणून अणुऊर्जा केंद्राच्या आपत्कालीन तयारीचा विचार करताना मला अणुभट्टीच्या स्फोटाच्या छायाचित्रांपेक्षा हा बसचा रस्ता जास्त महत्त्वाचा वाटतो. स्फोट का झाले यावर कपाटे भरतील इतके लिहिले गेले. कुंपणाबाहेरचा आराखडा कुठे आणि कसा मोडला, हे मात्र या एका रुग्णालयाच्या चार दिवसांत जितके स्वच्छ दिसते तितके दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

कागदावर काय होते

जपानमध्ये तयारीच नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. तयारी होती, आणि ती एका जुन्या अपघातातून शिकून केलेली होती. 30 सप्टेंबर 1999 रोजी तोकाई गावातल्या युरेनियम इंधनाच्या कारखान्यात साखळी प्रक्रिया अनपेक्षितपणे सुरू झाली आणि पुढे दोन कामगारांचा मृत्यू झाला. त्या दिवशी वरून आदेश येण्याची वाट न पाहता गावाच्या प्रमुखाने 350 मीटरच्या आतल्या लोकांना हलवले. नंतर 10 किलोमीटरच्या आतल्या सुमारे 3,10,000 लोकांना घरातच थांबायला सांगण्यात आले. निर्णय कोणी घ्यायचा, माहिती कुठे गोळा करायची, याचा गोंधळ त्या वेळी सगळ्यांनी पाहिला.

त्यातून अणु-आपत्तीसाठी खास कायदा झाला आणि देशभर अणुकेंद्रांजवळ ‘ऑफ-साइट सेंटर’ उभी राहिली. कल्पना चांगली होती. अपघात झाला की केंद्र सरकार, प्रांत, गावे, अणुकेंद्राची कंपनी आणि तज्ज्ञ या सगळ्यांनी एका छताखाली जमायचे, पडद्यावर आकडे पाहायचे आणि तिथूनच स्थलांतराचे निर्णय घ्यायचे. फुकुशिमा दाइइची केंद्राचे असे सेंटर ओकुमातच होते, अणुभट्ट्यांपासून सुमारे पाच किलोमीटरवर. फुताबा रुग्णालय साडेचार किलोमीटरवर. म्हणजे रुग्णालय रिकामे करण्याचा विचार ज्या खोलीत व्हायचा, ती खोली त्याच गावात होती.

आता त्या खोलीचे काय झाले ते पाहा. भूकंपात वीज गेली. आणीबाणीचे जनित्रही बंद पडले. फोन लागेनात. ज्या गावांचे अधिकारी तिथे यायचे होते त्यातले बहुतेक आले नाहीत, कारण त्यांच्या डोक्यावर त्सुनामीचे संकट होते आणि रस्ते खचले होते. वीज परत आली ती दुसऱ्या दिवशी पहाटे. शिवाय त्या इमारतीत किरणोत्सारी धूळ अडवणाऱ्या हवा-गाळण्याच नव्हत्या. अणुअपघातासाठीच बांधलेल्या इमारतीत! 2009च्या फेब्रुवारीत सरकारच्याच दुसऱ्या खात्याने तपासणीत ही उणीव दाखवून दिली होती. दोन वर्षांत काही झाले नाही. 15 मार्चला आतला किरणोत्सर्ग वाढला म्हणून सेंटरमधले लोकच फुकुशिमा शहरात निघून गेले. त्याच दिवशी शेजारच्या रुग्णालयातून शेवटचे रुग्ण काढणे चालू होते.

सराव दरवर्षी होत. पण सरावातला अपघात सहसा एकाच अणुभट्टीत घडे, शहाण्यासारखा वागे आणि कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे वेळेत आटोक्यात येई. आपल्याकडे अशा सरावाला रंगीत तालीम म्हणतात. जपानमधल्या या तालमींना तो शब्द जरा जास्तच शोभतो. 2010 साली निइगाता प्रांताने भूकंप आणि अणुअपघात एकत्र आल्याचा सराव करायचे ठरवले होते. मागणी अगदी रास्त होती, कारण 2007च्या भूकंपात त्यांच्याच हद्दीतल्या काशिवाझाकी-कारिवा केंद्रात ट्रान्सफॉर्मर पेटला होता. अणुसुरक्षा नियामकाचा सल्ला आला की असे केल्याने लोक घाबरतील. शेवटी भूकंपाच्या जागी जोरदार हिमवृष्टी घातली गेली.

त्याआधी 2006 सालीही हेच कारण पुढे आले होते. त्या वेळी जपानमध्ये आपत्कालीन नियोजनाचे वर्तुळ 8 ते 10 किलोमीटरचे होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या धर्तीवर, केंद्राजवळच्या लोकांना किरणोत्सर्ग बाहेर पडण्याआधीच हलवण्याचा पट्टा आखावा असा विचार अणुसुरक्षा आयोगात चालू होता. नियामकाने तो गोठवायला सांगितला, लोकांच्या मनात शंका येतील म्हणून. लोक घाबरतील या भीतीने किती निर्णय अडले याची मोजदाद कोणी केलेली नाही, पण या प्रकरणात तरी सामान्य लोकांपेक्षा अधिकारीच जास्त घाबरलेले दिसतात.

वर्तुळे मोठी होत गेली

11 मार्चला दुपारी 2.46 वाजता भूकंप झाला, पाऊण तासाने त्सुनामी आली. संध्याकाळी 7.03 वाजता अणु-आणीबाणी जाहीर झाली. रात्री 8.50 वाजता प्रांताने स्वतःच्या अधिकारात 2 किलोमीटरच्या आतल्या लोकांना निघायला सांगितले. 9.23 वाजता पंतप्रधानांचा आदेश आला : 3 किलोमीटरपर्यंत स्थलांतर, 3 ते 10 किलोमीटरमध्ये घरात थांबा. रुग्णालय साडेचार किलोमीटरवर असल्याने त्या रात्री ते ‘घरात थांबा’मध्ये मोडत होते. 12 मार्चला पहाटे 5.44 वाजता, भट्टीच्या आवरणातला दाब वाढलेला असताना, वर्तुळ 10 किलोमीटरचे झाले आणि रुग्णालय त्यात आले. दुपारी 3.36 वाजता पहिल्या भट्टीच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट झाला. संध्याकाळी 6.25 वाजता वर्तुळ 20 किलोमीटरचे झाले.

चोवीस तासांत चार आदेश. प्रत्येक आदेश त्या-त्या क्षणी कळलेल्या गोष्टीला दिलेले उत्तर होता, आणि त्यामुळे पुढच्या आदेशासाठी गाडी, इंधन, निवारा आधी बघून ठेवायला कोणालाच उसंत मिळाली नाही. चालू शकणाऱ्या माणसाला हे जाचक झाले. 10 किलोमीटरबाहेर जाऊन बसलेले पुन्हा उठून 20 किलोमीटरबाहेर गेले. पण ज्याला चारजणांनी उचलावे लागते त्याच्यासाठी प्रत्येक मुक्काम हा एक स्वतंत्र धोका असतो.

आराखड्यात वर्तुळ कंपासने काढता येते. त्यात किती माणसे आहेत हे जनगणनेवरून सांगता येते. त्यातली किती आडवी आहेत, हे मात्र कुठल्याही नकाशावर दिसत नाही. 20 किलोमीटरच्या आत सात रुग्णालये होती. त्यांत सुमारे 850 रुग्ण होते आणि त्यांतले सुमारे 400 जण नियमित उपचारांवाचून राहू न शकणारे. ही संख्या संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालात आहे. अपघाताच्या आदल्या दिवशी ती कोणी एका ओळीत मांडून ठेवली असती, तर 12 मार्चची सकाळ वेगळी गेली असती असे मला वाटते.

पाच बस

12 मार्चला सकाळी ओकुमा गावाच्या प्रशासनाने रुग्णालयाकडे पाच बस पाठवल्या. रुग्णालयात त्या वेळी 338 रुग्ण होते. मनोरुग्ण आणि वृद्धांवर उपचार करणारे रुग्णालय असल्याने बरेच जण हिंडते-फिरते होते. त्यातले 209 जण या बसमध्ये बसले आणि त्यांच्याबरोबर बहुतेक कर्मचारीही गेले. हा निर्णय त्या क्षणी चुकीचा नव्हता. बस परत येतील, उरलेल्यांना दुसऱ्या खेपेत नेतील, असेच तिथल्या लोकांना वाटले.

बस परत आल्या नाहीत. गाव स्वतःच रिकामे होत होते आणि गावाचे प्रशासनही उठून तामुरा शहराकडे गेले. मागे राहिले सुमारे 130 रुग्ण, शुश्रूषा केंद्रातले 98 वृद्ध, रुग्णालयाचे संचालक आणि मोजके सहकारी. वीज नाही, नळाला पाणी नाही. 13 मार्चचा अख्खा दिवस असाच गेला.

‘रुग्णालय हलवले’ हे वाक्य 12 मार्चला अर्धे खरे होते, आणि माझ्या मते घात त्यानेच केला. यादीवर खूण झाली की ते ठिकाण लोकांच्या डोक्यातून उतरते. फुकुशिमा प्रांताच्या आपत्ती मुख्यालयाची मूळ इमारत भूकंपात वापरण्याजोगी राहिली नव्हती, त्यामुळे ते शेजारच्या इमारतीत भरले होते आणि तिथे फोनच्या ओळी अपुऱ्या होत्या. तिथल्या एका गटाकडे लोकांचे स्थलांतर होते, दुसऱ्याकडे वैद्यकीय मदत, तिसऱ्याकडे वाहने. रुग्णालयातल्या रुग्णांचे स्थलांतर यापैकी कोणाच्या टेबलावर पडते? चौकशीत दिसले ते असे की कोणाच्याच नाही, किंवा मग सगळ्यांच्याच. कागदोपत्री रुग्णालयाने स्वतःचे स्थलांतर स्वतः आखायचे होते. ज्या संस्थेकडे स्वतःची एकही बस नाही, दुसऱ्या गावात एकही खाट राखलेली नाही आणि जिचा फोन बंद आहे, तिने काय आखावे?

14 मार्चचा द्राविडी प्राणायाम

14 तारखेला सकाळी सैन्यदलाचे पथक आले आणि ते 132 जण निघाले. 11.01 वाजता तिसऱ्या भट्टीच्या इमारतीत स्फोट झाला. आता हा प्रवास इतका लांबला का ते पाहू, कारण त्याची दोन्ही कारणे कोणत्याही अणुकेंद्राच्या आराखड्यात आधी सोडवता येण्याजोगी आहेत.

पहिले कारण तपासणीचे. 20 किलोमीटरच्या आतून येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर किरणोत्सारी धूळ आहे का हे पाहिल्याशिवाय निवारे आणि रुग्णालये त्यांना आत घेत नव्हती. तपासणीची सोय होती मिनामिसोमा शहरातल्या आरोग्य कार्यालयात, म्हणजे उत्तरेला. खाटा शोधल्या होत्या इवाकीत, म्हणजे दक्षिणेला. मधे अणुकेंद्र आणि बंद केलेला रस्ता. म्हणून उत्तर, पश्चिम, दक्षिण असा फेरा.

हा नियम कोणी दुष्टपणे केला नव्हता, पण त्याचा क्रम उलटा होता. अंगावरच्या धुळीने रुग्णाचा किंवा डॉक्टरचा जीव तासाभरात जात नाही. वरचे कपडे काढून चादरीत गुंडाळले तरी बरीचशी धूळ निघून जाते, आणि हातमोजे व मास्क घालून उपचार करता येतात. अणु-वैद्यकात हे जुने, सर्वमान्य तत्त्व आहे : आधी जीव, मग धूळ. फुकुशिमात ते पुस्तकात राहिले, आणि दारावर उभ्या असलेल्या माणसाला ते कोणी सांगितलेच नव्हते. घाबरलेल्या दरवानाला, शिक्षकाला किंवा परिचारिकेला ऐनवेळी भौतिकशास्त्र शिकवता येत नाही. त्यांच्या हातात आधीच दिलेले एक पान असावे लागते.

दुसरे कारण खाटांचे. इवाकीत ‘खाटा शोधल्या’ असे मी वर लिहिले, पण ते तितके खरे नाही. मिळाली ती व्यायामशाळेची लाकडी जमीन. इवाकीला स्वतःलाच भूकंप आणि त्सुनामीने झोडपले होते, पाणी तुटले होते, पेट्रोल मिळत नव्हते. अशा शहरात 132 अत्यवस्थ माणसे पाठवताना तिथे त्यांना घेणारा डॉक्टर कोण, हा प्रश्न निघण्याआधी सुटायला हवा होता. तो उतरल्यावर विचारला गेला.

आणि गाडीचा प्रकार. बसच्या खुर्चीत बसायला कमरेत ताकद लागते, मानेवर ताबा लागतो. ज्याला नळीने अन्न दिले जाते तो खुर्चीत दहा तास राहू शकत नाही. आडव्या माणसासाठी आडवी गाडी लागते. हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, घरात म्हातारे माणूस असलेल्या कोणालाही ते कळते. तरीही मी पाहिलेल्या बहुतेक आराखड्यांत वाहनांची बेरीज आसनांत केलेली असते.

पळाले कोण?

14च्या रात्री परिस्थिती आणखी बिघडेल या भीतीने पोलिसांनी संचालक आणि सहकाऱ्यांना तिथून हलवून डोंगरातल्या खिंडीकडे नेले. तिथे सैन्याच्या गाड्या येतील आणि पुन्हा रुग्णालयात जाता येईल अशी अपेक्षा होती. तशी भेट झालीच नाही. 15 तारखेला सैन्याची पथके रुग्णालयात पोहोचली तेव्हा आत रुग्ण होते आणि कर्मचारी नव्हते. कुठल्या मजल्यावर कोण, कोणाला काय दिले जाते, हे सांगायला कोणीच नाही. किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रे वाजत होती म्हणून पथके घाईत होती. वेगळ्या इमारतीतले रुग्ण नजरेतून सुटले आणि त्यांना मध्यरात्रीनंतर, तिसऱ्या खेपेत काढण्यात आले. रुग्णालयातच चार जणांचा मृत्यू झाला होता.

17 मार्चला प्रांताने पत्रक काढले की सुटकेच्या वेळी रुग्णालयाचा एकही माणूस हजर नव्हता. वाचणाऱ्याने अर्थ काढला तो सरळ होता : डॉक्टर रुग्णांना वाऱ्यावर सोडून पळाले. दूरचित्रवाणीवर, वर्तमानपत्रांत तेच चालले. हे पत्रक नंतर दुरुस्त झाले, पण दुरुस्तीला मथळे मिळत नाहीत.

इथे मी मुद्दाम रेंगाळतो आहे, कारण आपत्कालीन नियोजनातला सगळ्यात अवघड प्रश्न इथे आहे. धोका वाढत असताना रुग्णांपाशी कोणी थांबायचे? अणुकेंद्रातल्या कामगारासाठी याचे उत्तर लिहिलेले असते. त्याला किरणोत्सर्गाची किती मात्रा चालेल, ती कोण मोजणार, कपडे कुठले, पाळी कधी बदलायची. बस चालवणाऱ्यासाठी, परिचारिकेसाठी, वृद्धाश्रमातल्या आयांसाठी हे कुठेच लिहिलेले नव्हते. त्यांच्याकडे मात्रा मोजायचे साधे उपकरणही नव्हते. मग थांबणे हे शौर्य ठरते आणि जाणे हा गुन्हा. या दोन्हींच्या भरवशावर आराखडा उभा राहत नाही.

हलवणे की थांबवणे

एक प्रश्न हमखास येतो : मग त्यांना हलवायचेच नव्हते का? मी ‘हो’ म्हणणार नाही. वीज, पाणी, औषध आणि माणसे नसलेल्या इमारतीत ते रुग्ण तसेही जगले नसते. ओकुमा पुढे वर्षानुवर्षे राहण्याजोगे राहिले नाही हेही खरे. पण ‘लगेच’ आणि ‘कधीच नाही’ या दोहोंच्या मधे बराच वेळ असतो. काँक्रीटच्या इमारतीत, खिडक्या बंद करून, आतली हवा गाळून घेतली तर बाहेरच्या मानाने मात्रा बरीच कमी होते. तीन-चार दिवसांचे डिझेल, पाणी, औषधे आणि पाळीने येणारे सहा-आठ कर्मचारी असते, तर रुग्णांना एकेक करून, रुग्णवाहिकेतून, आधी ठरलेल्या खाटेवर नेता आले असते.

हे केवळ तर्काचे नाही. अणुकेंद्राच्या वायव्येला, 30 किलोमीटरच्या पलीकडे असलेल्या इइताते गावावर किरणोत्सारी पाऊस आणि बर्फ पडले आणि 22 एप्रिलला गाव रिकामे करायचे ठरले. तिथल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहाने मात्र आहे तिथेच राहण्याची परवानगी मिळवली. आतली मात्रा मोजली गेली, कर्मचारी बाहेरच्या गावांतून रोज ये-जा करू लागले आणि म्हातारी माणसे आपल्या ओळखीच्या खोलीत राहिली. दुसरीकडे मिनामिसोमातल्या पाच शुश्रूषागृहांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. स्थलांतरानंतर तिथल्या वृद्धांच्या मृत्यूचे प्रमाण आधीच्या 2.7 पट झाले होते. त्याच अभ्यासात शुश्रूषागृहा-शुश्रूषागृहात मोठा फरकही दिसला. कुठे घाईने नेले, नव्या ठिकाणी काळजी घेणारे कोण होते, जेवण कसे होते, यावर बरेच ठरले.

स्थलांतर हे औषधासारखे आहे, त्याचीही मात्रा असते आणि दुष्परिणाम असतात. निर्णय घेणाऱ्यापुढे किरणोत्सर्गाचा आकडा असतो, तसा ‘या रुग्णाला हलवल्यास काय होईल’ याचा अंदाजही असला पाहिजे. 12 मार्चला पहिला आकडा जेमतेम होता आणि दुसरा कोणी मागितलाच नव्हता.

कुंपणाच्या आत आणि बाहेर

त्याच दाइइची केंद्रात एक गोष्ट उत्तम चालली, तिची नोंद केली पाहिजे. 2007च्या भूकंपात काशिवाझाकी-कारिवा केंद्रातल्या आपत्कालीन खोलीचा दरवाजाच उघडेना झाला होता. त्यावरून धडा घेऊन कंपनीने दाइइचीत भूकंपरोधक पायावर एक वेगळी इमारत बांधली. तिच्यात जनित्र होते, गाळलेली हवा होती, टोकियोशी बोलायची सोय होती. ती जुलै 2010 मध्ये, म्हणजे अपघाताच्या जेमतेम आठ महिने आधी वापरात आली. ती नसती तर केंद्रात थांबून काम करणे फार अवघड झाले असते.

म्हणजे भूकंपाने काय होते हे कळले होते. कुंपणाच्या आत ते इमारतीत उतरले. पाच किलोमीटरवरच्या ऑफ-साइट सेंटरला साध्या हवा-गाळण्या मिळाल्या नाहीत आणि साडेचार किलोमीटरवरच्या रुग्णालयाला काहीच मिळाले नाही. आतल्या खर्चाचा धनी एक असतो. बाहेरच्या खर्चाचे धनी गाव, प्रांत, आरोग्य खाते, नियामक आणि रुग्णालयाचा मालक असे पाच, त्यामुळे प्रत्यक्षात कोणीच नाही.

न्यायालयातही हीच फट दिसते. वीजकंपनीच्या तीन माजी वरिष्ठ अधिकाऱ्यांवर हलगर्जीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा खटला चालला. आरोपपत्रातल्या 44 मृतांमध्ये फुताबाच्या स्थलांतरात गेलेले रुग्णच होते. खटला मात्र फिरला त्सुनामीच्या उंचीभोवती : 2008 साली कंपनीकडे आलेला 15.7 मीटरचा अंदाज विश्वासार्ह होता का, भट्ट्या बंद ठेवायला हव्या होत्या का. 2019 साली टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने तिघांना निर्दोष सोडले, 2023 साली उच्च न्यायालयाने तेच कायम केले, आणि 2025च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने. तोवर तिघांपैकी एक वारले होते. रुग्णांना घेऊन गाडी आधी उत्तरेला का गेली, हा प्रश्न त्या खटल्याचा विषयच नव्हता.

आराखडा तपासताना

2012 साली नवा नियामक आला आणि नवी मार्गदर्शक तत्त्वे आली. 5 किलोमीटरच्या आत किरणोत्सर्ग सुटण्याआधीच हालचाल, 30 किलोमीटरपर्यंत तयारी, जवळच्या पट्ट्यात थायरॉइड ग्रंथी वाचवणाऱ्या आयोडीनच्या गोळ्या आधीच घरोघर. ज्यांना हलवणे धोक्याचे आहे त्यांनी हवा गाळणाऱ्या, सुरक्षित केलेल्या इमारतीत थांबावे, गाडी आणि खाट ठरल्यावरच निघावे, हेही आता लिहिलेले आहे. हे वाक्य फुताबातून आले आहे, त्याबद्दल शंका नको.

माझ्या हातात असा आराखडा आला तर मी नकाशा नंतर उघडीन. आधी परिशिष्टांत शोधीन की प्रत्येक रुग्णालयातले चालणारे किती, खुर्चीतले किती, आडवे किती, आणि ही संख्या शेवटची कधी मोजली. प्रत्येकासमोर कोणत्या रुग्णालयाचे नाव आहे आणि त्या रुग्णालयाला ते माहीत आहे का. दोन दिशांना दोन जागा हव्यात, कारण वारा कोणाला विचारून वाहत नाही. तपासणीची जागा वाटेवर आहे की आडवाटेला. बसचालकाला मात्रा मोजायचे यंत्र मिळणार की नाही आणि त्याने ‘नाही’ म्हटले तर दुसरा कोण. इमारत रिकामी झाली असे कोण म्हणणार, आणि ते म्हणण्याआधी प्रत्येक खोलीत कोण डोकावणार. याची उत्तरे नावानिशी नसतील तर बाकीची चारशे पाने मी वाचणार नाही.

जपानी न्यायालयांनीही आता ही पाने वाचायला सुरुवात केली आहे. तोकाई गावातल्या दाइनी अणुकेंद्राच्या 30 किलोमीटरच्या आत सुमारे 9,40,000 लोक राहतात. 18 मार्च 2021 रोजी मितो जिल्हा न्यायालयाने ते केंद्र चालवायला मनाई केली. भूकंपाच्या मोजमापावर न्यायालयाचे फारसे म्हणणे नव्हते. त्याने बोट ठेवले ते स्थलांतराच्या आराखड्यांवर : 14 गावे-शहरांपैकी ते फक्त 5 ठिकाणी तयार होते.

आणि 1 जानेवारी 2024 रोजी नोतो द्वीपकल्पात 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला. तिथले शिका अणुकेंद्र बंद होते, किरणोत्सर्ग सुटला नाही. पण द्वीपकल्पातले रस्ते डोंगरांनी गिळले, आराखड्यात स्थलांतरासाठी दाखवलेले मार्गही त्यात होते. काही वस्त्या दिवसचे दिवस तुटून राहिल्या. ‘घरात थांबा’ असे ज्यांना सांगायचे होते त्यांतल्या अनेकांची घरेच पडली होती. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या काही केंद्रांकडून आकडे येणेही बंद झाले होते.